हॅलयार्डची तार काढून दोर घालावा का?

खाडीवारा:
नमस्कार. माझी १८ फुटी शिडाची होडी आहे. मुख्य शिडाचे हॅलयार्ड (शीड वर चढवायची ओढ) जुन्या पद्धतीचे आहे, म्हणजे शिडाकडचा भाग ४ मि.मी. स्टेनलेस तारेचा आणि हाताने ओढायचा भाग दोराचा. गेल्या रविवारी गेटवेसमोर शीड उतरवताना तारेचा तुटलेला धागा तळहातात घुसला. नीट पाहिले तेव्हा तार आणि दोर यांच्या जोडापाशी असे पाच-सहा धागे उभे राहिलेले दिसले. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर घेतल्यावर सबंध हॅलयार्ड दोराचे करावे असे मनात आहे. दोर कोणता घ्यावा आणि डोलकाठीवर काही बदल करावा लागेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

नांगर:
जोडाशी धागे तुटू लागले असतील, तर पावसाळ्यापर्यंत थांबू नये. मात्र दोर विकत घेण्याआधी डोलकाठीच्या शेंड्यावरील कप्पीचे चाक उतरवून पाहावे, कारण खरी अडचण तिथे असते. तारेच्या चाकाची खाच अरुंद असते. तीत जाड दोर तळापर्यंत बसत नाही, कडांवर घासत राहतो. शिवाय वर्षानुवर्षे तार फिरून त्या कडा धारदार झालेल्या असतात. माझ्या चाकावरून मी कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा जागोजागी तंतू अडकून राहिले. त्या चाकावर नवा दोर एक हंगामही टिकला नसता. लेथवर नवे चाक करून घ्यावे, खाच गोलसर आणि दोराहून किंचित रुंद ठेवावी, आणि चाक व त्याच्या गालांमध्ये (दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये) दोर शिरेल एवढी फट राहू देऊ नये. डोलकाठीतून दोर बाहेर पडतो त्या भोकाची कडही कानशीने गुळगुळीत करावी. दोर डायनीमाच्या (फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या) गाभ्याचा, वर पॉलिएस्टरचे आवरण असलेला, ६ मि.मी.चा घ्यावा, तो तारेइतकाच कमी ताणतो.

सुकाणू:
चाकाबद्दल पूर्ण सहमत आहे. दोराबद्दल मात्र माझे मत थोडे निराळे आहे: शर्यतीत उतरायचे नसेल, तर आधीच ताणून घेतलेला ८ मि.मी.चा पॉलिएस्टर दोर पुरतो आणि हातालाही बरा लागतो. वारा वाढल्यावर शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर तो थोडा आवळून घ्यावा लागतो, इतकेच. ससून डॉकच्या बाजूला मासेमारीचा नायलॉन दोर सहज मिळतो, पण तो हॅलयार्डला कदापि वापरू नये. नायलॉन फार ताणतो. डायनीमा घेतलाच, तर त्याचा धागा निसरडा असतो आणि गाठीने दोराची ताकद बरीच घटते, म्हणून शॅकलपाशी (शीड अडकवायच्या धातूच्या कडीपाशी) गाठ न मारता दोर विणून फास करावा.

खाडीवारा:
दोघांचेही मनापासून आभार. नवा दोर डोलकाठीच्या आतून कसा न्यावा?

नांगर:
जुन्या दोराच्या मोकळ्या टोकाला नव्याचे टोक समोरासमोर शिवावे, गाठ मारू नये. वर पातळ टेप गुंडाळावा. मग शॅकलकडून तार हळूहळू खाली ओढावी, म्हणजे जुन्यामागोमाग नवा दोर चाकावरून येतो. चाक बदलायला डोलकाठी आडवी कराल, तेव्हाच हे काम उरकावे. लांबी डोलकाठीच्या दुप्पट आणि वर दोन मीटर धरावी.