बहुरूपीदादांना स्टेजवर चढवलं आणि खेळ पडला. यंदा काय करावं?

मंडीबाजारकर, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या तीन दिवसांच्या कला महोत्सवात रस्त्यावरच्या कलावंतांचं काम यंदाही माझ्याकडं आलंय. गेल्या साली काय झालं ते आधी सांगतो.

एका बहुरूपीदादांना बोलावलं होतं, वय साठीच्या पुढं. दुपारी ते फौजदाराच्या वेषात मंडी बाजारातून यायले होते. हातात रूळ, काखेत जाडजूड वही. भांड्याच्या दुकानापुढं थांबले, वही उघडली आणि दुकानदाराला म्हणाले, "तुमच्यावर तक्रार आहे. तुमच्या पातेल्यातलं वरण इतकं गोड लागलं की मी एकट्यानं संपवलं, बायको उपाशी. चला ठाण्यात." दुकानदार गल्ल्यावरून खरोखर उठून उभा राहिला. मग जो हसला, की समोरच्या पानटपरीवरून, शेजारच्या कापडदुकानातून माणसं धावत आली. भाजी विकणाऱ्या एका आजीनं तर आपणहून हात पुढं केले, "मलाबी बेड्या घाल." दहा मिनिटांत रस्ता भरला.

रात्री समितीनं त्यांनाच मोठ्या स्टेजवर उभं केलं. पाच फूट उंची, समोर पाहुण्यांचे सोफे, डोळ्यांवर लाईट. खाली कोण बसलंय हेच त्यांना दिसेना. ज्याची खोडी काढायची तो माणूसच समोर नाही, तर बोलायचं कुणाशी? चार मिनिटांत उतरले. मला एवढंच म्हणाले, "मालक, मला माणूस हाताच्या अंतरावर लागतो."

शाल-नारळ दिला, फोटो काढला, मानधन मात्र "नंतर बघू" झालं. ते मी महिन्याभरानं त्यांच्या पालावर नेऊन दिलं. त्या दिवशी मान वर करून बोलता आलं नाही मला.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. यंदा गोंधळी, वासुदेव, पोतराज, बहुरूपी असे सगळे बोलवायचेत. त्यांना कुठं उभं करावं? आणि थाळी फिरू द्यावी का? समितीतले काही म्हणतात, ती भीक दिसते.

संबळवाला, परभणी

दादा, आमच्या घरात गोंधळ घालायची परंपरा आहे म्हणून लिहितो. आमच्या परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ केवढ्या मोठ्या मंचांवर नेला, तेव्हा स्टेज वाईटच असं मी म्हणणार नाही. पण गोंधळाला दहा मिनिटांचा "आयटम" करू नका. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवांना आवतण द्यायचं, मग कुठं आख्यानाला तोंड फुटतं. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि त्याचा साथीदार यांच्यातली सवाल-जवाबाची चेष्टाच लोकांना धरून ठेवते, आणि वेळ कमी पडला की पहिल्यांदा तीच कापली जाते. दीड तास द्या. नसेल जमत तर गोंधळ ठेवूच नका, नुसतं संबळवादन ठेवा.

दुसरं म्हणजे डीजेपासून लांब. संबळाच्या दोन्ही भांड्यांची तोंडं कातड्यानं मढवलेली; हवेत ओल असली की कातडं उतरतं, शेकून घ्यावं लागतं. जवळ शेकोटीला जागा द्या. तुमच्या योगेश्वरीदेवीच्या गावात याहून जास्त सांगायला नको.

बहुरूप्याबद्दल बोलायचं तर त्यांची जुनी रीत तुमच्या तीन दिवसांना बरोबर बसते. एका गावात मुक्काम करायचा, रोज नवं सोंग घेऊन दारोदार फिरायचं आणि शेवटच्या दिवशी मूळ रूपात येऊन बिदागी मागायची. तसंच करा. लोक दुसऱ्या दिवशी "आज कोण बनून येतोय" म्हणून वाट बघतील.

निवृत्त जमादार, लातूर

फौजदाराच्या सोंगाबद्दल सावध करतो. ठाण्यात आधीच अर्ज द्या, कलावंतांची नावं, सोंगं आणि फिरायच्या वेळा लिहून. दादांच्या खिशात समितीचं पत्र ठेवा. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात गाणं, नाच किंवा खेळ करून पैसे मागणंही भिकेत धरलेलं आहे. नोकरीत असताना पालावरच्या माणसांना यामुळं मान खाली घालून उभं राहताना मी पाहिलंय. आणि परक्या वेषातल्या माणसावर संशय घेतला की काय होतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं मारले. म्हणून आदल्या दिवशी गावात दवंडी द्या, कोण येणार आहे ते लोकांना सांगा.

शाळेतल्या बाई, केज

डोंबाऱ्याचा खेळ ठेवणार असाल तर दोरीवर लहान मुलगी नको. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, यात्रा आली की महिना महिना गायब. मोठी माणसं खेळ करतील, मुलांना बसायला पुढं जागा द्या. सापाच्या टोपलीलाही आधीच नाही म्हणा, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही ते.

मंडीबाजारकर, अंबाजोगाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीत बोललो. बहुरूपीदादा तिन्ही दिवस बाजारातच, स्टेज नाही. गोंधळाला शेवटच्या रात्री दीड तास, देवळाच्या बाजूला, डीजे त्या वेळेला बंद. मानधनाची अर्धी रक्कम सुपारीबरोबर, उरलेली खेळ संपल्या संपल्या हातात. थाळीही फिरणारच. भाजीवाल्या आजींनी त्या दिवशी कनवटीचे दहा रुपये काढून दिले होते, ती काही भीक नव्हती.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दादांची गाठ पडेल, तिथंच सुपारी देतो. बाई, दोरीचा खेळ यंदा नाही. जमादारसाहेब, अर्जाचा मसुदा तुम्हाला पाठवतो, एकदा नजर टाका.