डासांच्या 'जाती' की 'प्रजाती'?

प्रश्न

'जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत' असे वाक्य बातम्यांत आणि आरोग्यविषयक मजकुरात सर्रास दिसते. शाळेच्या पुस्तकात मात्र उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा जीनस आणि जाती हा स्पीशीज. मग हे वाक्य चुकीचेच ना? शिवाय 'स्पीशीज कॉम्प्लेक्स'ला मराठीत काय म्हणावे? आणि काही नावांपुढे शोधकाचे नाव कंसात असते, काहींपुढे कंसाविना. हा फरक कशामुळे?

प्रतिसाद १

वाक्य चुकीचेच आहे. हिंदीत स्पीशीजला 'प्रजाति' म्हणण्याचा प्रघात आहे, तिथून तो शब्द मराठी मजकुरात जसाच्या तसा आला. मराठीत त्याने अर्थ एक पायरी वर सरकतो. डासांचे कुल एकच, क्युलिसिडी. त्यात रूढ वर्गीकरणाप्रमाणे प्रजाती चाळीसच्या आसपास आणि जाती साडेतीन हजारांहून अधिक. ॲनॉफिलिस, एडिस, क्युलेक्स, मॅन्सोनिया या प्रजाती. एडिस इजिप्ती ही जाती.

'जात' शब्दाला सामाजिक अर्थ चिकटलेला असल्यामुळे लिहिणारे 'जाती' टाळतात, हेही एक कारण असावे. पण टाळायचेच असेल तर जीनसला 'वंश' म्हणावे, तोही जुना रूढ शब्द आहे. स्पीशीजला 'प्रजाती' म्हटले की जीनससाठी शब्दच उरत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. 'स्पीशीज कॉम्प्लेक्स'साठी 'जातिसंकुल' चांगला शब्द आहे आणि डासांच्या बाबतीत त्याची गरज पावलोपावली पडते. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज हे नाव एका जातीचे वाटते, पण त्याखाली अ, ब, क, ड, ई अशा पाच जाती आहेत. डोळ्यांनी त्या वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी गुणसूत्रे किंवा डीएनए पाहावे लागतात. यातली 'ब' हिवताप पसरवण्यात अगदी दुबळी आहे. त्यामुळे एखाद्या ठिकाणी हे डास भरपूर आणि हिवताप कमी असे दिसले तर आधी कोणती जाती आहे ते तपासावे लागते. अशा जातींना 'उपजाती' म्हणू नका. उपजाती ही जातीच्या खालची पायरी आहे, इथे पाचही स्वतंत्र जाती आहेत. 'सहोदर जाती' हा शब्द नेमका बसतो.

या नावाची फोडही पाहण्यासारखी आहे. क्युलिसि + फेसीज, म्हणजे 'क्युलेक्ससारख्या रूपाचा'. ॲनॉफिलिस भिंतीवर बसतो तेव्हा सोंड, डोके आणि पोट एका रेषेत येतात आणि शेपटाकडचा भाग वर उचललेला असतो, जणू तिरपा खिळा ठोकलाय. क्युलेक्स पाठीला बाक काढून भिंतीला समांतर बसतो. हा डास ॲनॉफिलिस असूनही बसतो बराचसा क्युलेक्ससारखा. १९०१ साली जाइल्स यांनी नाव ठेवले त्यात ही गफलत आधीच नोंदवली गेली. केवळ बसण्यावरून ओळखणारा इथे हमखास चुकतो. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंचे पॅल्प बघावेत: ॲनॉफिलिसमध्ये ते सोंडेएवढे लांब, क्युलेक्स आणि एडिसमध्ये अगदी आखूड.

प्रतिसाद ३

कंसाबद्दल. जातीला पहिल्यांदा ज्या प्रजातीत ठेवले ती आजही तीच असेल तर शोधकाचे नाव कंसाविना लिहितात: ॲनॉफिलिस स्टीफेन्सी लिस्टन, १९०१. पुढे प्रजाती बदलली तर नाव कंसात जाते: एडिस इजिप्ती (लिनियस, १७६२). लिनियसने त्याला क्युलेक्समध्ये घातले होते. कंस म्हणजे 'हा मूळचा दुसऱ्या घरचा' एवढीच खूण. भाषांतरात तो शोभेचा समजून काढून टाकतात, तसे करू नये.

प्रतिसाद ४

जातिनामाच्या शेवटाबद्दल थोडे. संस्कृत येणाऱ्याला हे चटकन कळेल. 'इजिप्ती' ही लॅटिन षष्ठी आहे, 'इजिप्तचा'. 'गॅम्बिए' म्हणजे 'गॅम्बियाचा'. 'स्टीफेन्सी' म्हणजे 'स्टीफेन्स यांचा'. मराठीत चा-ची-चे बदलते, पण ही षष्ठी 'रामस्य'सारखी: पुढचे नाम कोणत्याही लिंगाचे असो, ती हलत नाही. विशेषण मात्र हलते. 'अल्बोपिक्टस' म्हणजे पांढऱ्याने रंगवलेला. एडिस पुल्लिंगी म्हणून अल्बोपिक्टस.

२००४ मध्ये एडिसचे तुकडे करून स्टेगोमाया ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली, तेव्हा ते नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे तोच डास 'स्टेगोमाया अल्बोपिक्टा' झाला. 'स्टेगोमाया इजिप्ती'त जातिनामाला धक्का लागला नाही. रोगनियंत्रणात काम करणाऱ्यांनी या बदलाला बराच विरोध केला आणि २०१५ मध्ये विल्करसन आणि सहकाऱ्यांनी स्टेगोमायाला पुन्हा एडिसची उपप्रजाती ठरवले. त्यामुळे मधल्या दहा-अकरा वर्षांतले लेख शोधताना दोन्ही नावांनी शोधावे, नाहीतर निम्मे हाती लागत नाहीत.

प्रतिसाद ५

'टायगर मच्छर' या शब्दाचा गोंधळही इथेच सोडवू. पट्टेरी पाय दिसले की कोणत्याही एडिसला हे नाव देतात. खरे तर ते अल्बोपिक्टसचे. पाठीवर, म्हणजे वक्षाच्या वरच्या बाजूला, मधोमध एकच सरळ चंदेरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस. दोन बाजूंना विळ्यासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेघा आणि मध्ये दोन बारीक सरळ रेघा असतील तर इजिप्ती.

पण हे नक्षीकाम खवल्यांचे असते आणि खवले फार लवकर झडतात. जाळीत घासला, चिमटीत धरला किंवा अल्कोहोलमध्ये टाकला की पाठ बोडकी होते. प्रौढ डास कोरडाच ठेवावा. पाठ घासली गेलीच असेल तर भिंगाखाली सोंडेच्या मुळाशी असलेला छोटा उंचवटा पाहा. इजिप्तीच्या मादीत त्यावर पांढरे खवले असतात, अल्बोपिक्टसमध्ये तो काळाच असतो.

'डेंग्यूचा डास' हे जातीचे नाव म्हणून वापरू नये. डेंग्यू या दोन्ही जाती पसरवतात आणि दोन्ही चिकुनगुन्याही पसरवतात.

प्रतिसाद ६

अळ्यांसाठी शब्द: शेपटाकडची श्वासाची नळी म्हणजे 'श्वसननलिका', 'सायफन' म्हटले तरी चालते. ॲनॉफिलिसच्या अळीला ती नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठाला समांतर पडून राहते. क्युलेक्सची लांब आणि सडपातळ, एडिसची आखूड. या दोघांच्या अळ्या डोके खाली करून लटकतात.

प्रश्नकर्ता

आभार. 'जाती', 'जातिसंकुल' आणि 'सहोदर जाती' नक्की केले. एक उरले: संक्षेप. रोमन लिपीत प्रजातीचे पहिले अक्षर मोठे आणि जातीचे लहान असते, देवनागरीत तसे दाखवता येत नाही.

प्रतिसाद ४

पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द पूर्ण लिहा. पुढे संक्षेप करायचा तर एका अक्षराचा नको. रोमनमध्येही डासांसाठी दोन अक्षरे घेतात, कारण ॲनॉफिलिस आणि एडिस दोन्ही 'ए'नेच सुरू होतात. मराठीत 'ॲनॉ. स्टीफेन्सी', 'एडि. इजिप्ती', 'क्यु. क्विन्क्वेफॅसिएटस' असे लिहावे. प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला: 'एडिस इजिप्तीची अळी'. 'एडिसच्या इजिप्तीची' लिहिले की दोन शब्दांचे एकच नाव आहे हे हरवते.