मदत हवी आहे: दोन कुत्री एकत्र फिरवताना एक भडकतो आणि दुसरीलाच चावतो (नागपूर)

धागाकर्ती

आमच्याकडे दोघं आहेत. राणी, लॅब्रॅडॉर, ८ वर्षांची, ३२ किलो. चिकू, देशी, अडीच वर्षांचा, १८ किलो, पिल्लू असताना कळमना मार्केटजवळून आणलेला. घरात दोघांचं छान जमतं, कूलरसमोरच्या एकाच गादीवर झोपतात. त्रास फक्त रस्त्यावर.

समोर दुसरं कुत्रं दिसलं की चिकू आधी जागीच थिजतो. कान पुढे, तोंड मिटलेलं. मग एकदम भुंकत पट्ट्याला लोंबकळतो. माणसं, गाई, स्कूटर, कचरागाडी, कशाचंच काही नाही. बहिणीच्या शेतावर कुंपणाच्या आत मोकळा असतो तेव्हा तिच्या कुत्र्यांशी नीट खेळतो. त्यामुळे हा रागीटपणा नसून बांधलेपणाची चिडचिड असावी असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

खरी काळजी पुढची आहे. समोरच्यापर्यंत पोचता आलं नाही की तो गर्रकन वळून राणीच्या मानेला दात लावतो. परवा तिच्या कानाला ओरखडा आला. आणि आयुष्यात कधी न भुंकलेली राणी आता कुत्रं दिसताच चिकूच्या आधी सुरू होते. दोघं मिळून ५० किलो, मी एकटी.

वेगवेगळं न्या, हे सगळेच म्हणतात. पण नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये, मुलाची व्हॅन सकाळी लवकर, आणि सध्या नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. उजाडल्यानंतरचा तासभर सोडला तर रस्ता पाय ठेवण्यासारखा नसतो, रात्री जेवणं झाली तरी डांबर गरमच. म्हणजे त्रिमूर्तीनगरातली झाडून सगळी कुत्री, घरची आणि गल्लीतली, त्याच तासात बाहेर.

शेजारचे काका म्हणतात चोक चेन घाला. एक ट्रेनर बघून गेला, तो म्हणाला काट्यांचा पट्टा लावा, दोन झटक्यांत सरळ होईल. मला ते पटलं नाही. चिकन दाखवून पाहिलं. कुत्रं लांब असेल तर खातो, जवळ आलं की तोंडसुद्धा लावत नाही. राणीचा पट्टा कमरेला बांधून चिकूला दोन्ही हातांनी धरावं का?

खामलेकर

ताई, काट्यांच्या पट्ट्याला नाही म्हणालात ते योग्यच. कुत्रं दिसलं की मान दुखते, एवढंच तो त्यातून शिकेल, आणि पुढच्या वेळी आणखी लांबून भडकेल. कधी कधी मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, मग इशारा न देता थेट चावतं.

राणीला चावतो ते वैर नाही. उसळलेला जोर जवळ जे सापडेल त्यावर निघतो. तरी चिकूचं भडकणं कमी होईपर्यंत दोघांना एकत्र नेणं बंद करा, कारण राणीही रोज तेच शिकतेय. आणि ती आत्ताच का भुंकायला लागली हेही बघून घ्या. या वयाच्या लॅबचे कंबर-गुडघे बऱ्याचदा दुखत असतात, हिसका बसला की कळ जाते. चिकूचे कान आणि गोचीड तापही तपासा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच.

चिकन खातो की नाही, हेच तुमचं माप. खात नाही म्हणजे अंतर कमी पडलं. जिथून तो कुत्रं बघतो पण खाऊही घेतो तिथे थांबायचं. क्रम महत्त्वाचा: आधी त्याला कुत्रं दिसू द्या, मग खाऊ. कुत्रं गेलं की खाऊ बंद. आधीच चिकन नाचवलं तर ते नुसतं लक्ष वळवणं होतं, मनातली भीती तशीच राहते. हार्नेस छातीवर कडी असलेला घ्या, ओढला की तो आपोआप वळतो.

वेळेचं म्हणाल तर दोघांना रोज लांब फेरी लागतेच असं नाही. आज चिकू फिरेल, राणी नुसती शी-सू करून परत. उद्या उलट. राहिलेल्याला घरात जुन्या पोत्यात खाणं लपवून हुंगायला द्या. हुंगण्यानेही कुत्रं चांगलं दमतं.

तर्रीवाला

कमरेला बांधून नका फिरू बापा! ३२ किलोनं एका बाजूला हिसका देल्ला तर तोंडावर पडसान. अन् आपल्या गल्लीतले कुत्रे काही बांधलेले नाहीत, ते अंतर-बिंतर मोजून नाही राहिले. टोळी आली तर पळू नका. मूठभर बिस्किटं त्यांच्याच अंगावर फेका अन् वळून निघा. लेआउटमधले रिकामे प्लॉट, कचऱ्याचे कोपरे टाळा, त्यांचा अड्डा तिथंच राहते. अन् दोघांची जुंपली तर मधात हात घालू नका. चावलाच तर १५ मिनिटं नळाखाली साबणानं धुवा अन् लगेच डॉक्टरकडे जा, घरचा असला तरी.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कमरेचा विचार सोडला. चिकूला मुसकं घालावं का? उन्हाची भीती वाटते.

खामलेकर

जाळीचं चालेल, ज्यात तोंड पूर्ण उघडतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारं कापडी मुळीच नको. कुत्री मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतात, नागपूरच्या मे महिन्यात तोंड बांधलं तर जिवावर बेतेल. आधी घरात आतून दही लावून स्वतः नाक घालू द्या, पट्टी नंतर. रस्त्यावर घाई नको.

एकत्र नेण्याची सुरुवात पुढे नवऱ्याच्या सुट्टीला करा. मिहानकडच्या रुंद रस्त्यावर तुम्ही एका कडेला, ते दुसऱ्या. दोघांकडे एकेक कुत्रं. कुणी थिजायच्या आत परत गाडीत.

धागाकर्ती

राणीची तपासणी या आठवड्यात करून घेते. चिकूचं नाक लांब आणि निमुळतं आहे, इथल्या दुकानात दाखवतात ती सगळी मुसकी लॅबच्या मापाची. देशी कुत्र्याला नीट बसेल असं जाळीचं मुसकं नागपुरात कुणी घेतलंय का? माप कुठून कुठे घ्यायचं?