छेज आणि टिपऱ्या एकाच रिंगणात आणता येतील का?

प्रश्न (देवळाली कॅम्प, नाशिक): १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली जी निर्वासित कुटुंबे येथील छावणीत उतरली, त्यांची नातवंडे आज आमच्याच सोसायटीत राहतात. गुढीपाडव्याला आमचे ढोल वाजतात आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेला, त्यांचा चेटीचंड हा नववर्षाचा सण असतो. तरीही दोन्हीकडची मंडळी एकमेकांचा सोहळा गॅलरीतूनच पाहतात. एकत्र नाच बसवायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: छेज या सिंधी नाचापासून करावी. त्यात पुरुष हातात काठ्या घेऊन गोल फिरतात, ढोल-शहनाईची लय संथ सुरू होऊन चढत जाते आणि त्याबरोबर पावलेही वेग घेतात, त्यामुळे टिपऱ्या खेळलेल्या माणसाला ते रिंगण परके वाटत नाही. मात्र ठेका त्यांच्याच ढोलवाल्याला ठरवू द्यावा, कारण नाशिक ढोलाच्या दणदणाटात शहनाई पार बुडून जाते.

उत्तर २: रिंगणाइतकेच गाण्यालाही महत्त्व द्यावे, असे मला मनापासून वाटते. सिंधी लग्नघरी बायका ‘लाडा’ गातात, आपल्याकडे हळदीची गाणी असतात. दोन्ही आज म्हाताऱ्या बायकांच्याच तोंडी उरली आहेत. मुलांचा सराव नंतर घ्या, आधी या आज्यांना एका सतरंजीवर बसवा.

प्रश्नकर्ता: दोन्ही सूचना पटल्या. आमच्या मजल्यावरील सिंधी आजींना आजच विचारतो.