मदत हवी आहे: बाळाचा दुभंगलेला ओठ आणि सासरकडचा पोटाचा कॅन्सर

मुलगी तीन महिन्यांची, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. सासूबाई ४६व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीला ५२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, त्या आता बऱ्या आहेत. यांचा एकमेकांशी संबंध असतो का? आधी कोणाची तपासणी करायची?

प्रतिसाद १
ताई, ग्रहणात काही चिरल्याने ओठ दुभंगत नाही. घरात कोणी तसं बोललं तर मनावर घेऊ नका. बहुतेक दुभंगलेल्या ओठांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. पण तुम्ही लिहिलेलं वाचून सीडीएच१ या जनुकातल्या दोषाची शंका घ्यायलाच हवी. त्यापासून बनणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. गर्भात ओठ-टाळू जुळताना ते लागतं, पुढे जठराच्या अस्तरात आणि स्तनातही. १९९८ साली न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत हा आनुवंशिक दोष सापडला.

सासूबाईंचा बायोप्सी रिपोर्ट शोधा. त्यात ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ (विखरून वाढणारा जठराचा कॅन्सर) आणि मावशींच्या रिपोर्टात ‘लोब्युलर’ (दूध बनवणाऱ्या ग्रंथींतला) आहे का पाहा. मावशींचा ‘डक्टल’ (दूधनलिकांतला) असेल तर संशय बराच कमी. रिपोर्ट हरवला असेल तर पॅथॉलॉजीत पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) जपून ठेवलाय का विचारा.

प्रतिसाद २
रक्त आधी मावशींचं द्या, बाळाचं नको. लॅबला विचारा, जनुकातले मोठे तुकडे गळालेत का तेही बघणार ना? नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्यात) ते निसटतात. मावशी निगेटिव्ह आल्या तरी विषय संपत नाही, त्यांचा कॅन्सर वेगळ्या कारणाने झालेला असू शकतो. मग यजमानांची तपासणी करा. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे.

धागाकर्ती
यजमानांची एंडोस्कोपी करून टाकू का? नॉर्मल आली तर निश्चिंत?

प्रतिसाद २
नाही. हा कॅन्सर गाठ न करता वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराखाली विखरून वाढतो, तपासायला घेतलेल्या दोन-चार तुकड्यांत सापडत नाही. दोष सिद्ध झालेल्यांत जठराच्या सगळ्या भागांतून मिळून २८ ते ३० तुकडे घेतात, तरीही चुकू शकतो. म्हणून अशांना, साधारण विशी-तिशीत, जठर काढण्याचा सल्ला देतात. बायकांना तिशीपासून दरवर्षी स्तनाचा एमआरआय.

जनुकाच्या रिपोर्टात ‘व्हीयूएस’ (अर्थ अजून नक्की न कळलेला बदल) आलं तर तो दोष मानू नका, त्यावर कोणी ऑपरेशन सुचवलं तर थांबा. बाळाच्या ओठाचं ऑपरेशन मात्र यासाठी अडवू नका.