‘अमाल्गमेशन’ला सगळीकडे ‘विलीनीकरण’च का म्हणायचं?

शब्दशोधक (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यातल्या दोन पतसंस्था एक होणार आहेत. दोन्ही साधारण एकाच वयाच्या, ठेवीही जवळपास सारख्या. मी एकीचा सभासद. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मसुद्यात ‘अमाल्गमेशन’ होतं, मी ‘विलीनीकरण’ लिहून मोकळा झालो. नोटीस फलकावर लागली त्याच संध्याकाळी शेजारच्या आजी पासबुक घेऊन दारात उभ्या. “माझे पैसे कुठं विलीन करताय?” त्यांनी तो शब्द आयुष्यभर वाचला तो ‘अनंतात विलीन झाले’ असाच, वर्तमानपत्राच्या निधनवार्तांत. त्यांचं काय चुकलं? आता सभेत दोन-तृतीयांश मतं मिळवायची आहेत (सहकार कायद्याचं कलम 17) आणि माझ्या एका शब्दाने अर्धं गाव बिथरलंय.

मूळ शब्द कंपन्यांचा नाहीच, पाऱ्याचा आहे. लॅटिनमधलं ‘अमाल्गामा’, त्यामागे बहुधा ग्रीक ‘मालाग्मा’, म्हणजे मऊ करणारा लेप. पारा सोनं, चांदी, कथील यांना ओढून घेतो. लोखंडाला मात्र शिवत नाही, म्हणून तर तो लोखंडी बुधल्यांतून विकला जायचा. गाळातले सोन्याचे कण पाऱ्याने गोळा करतात, तो लगदा कापडात पिळतात, तापवतात. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. तांब्यावर सोन्याचा मुलामा चढवायची जुनी रीतही हीच. म्हणजे इथे सोनं कुठेच नाहीसं होत नाही. माझं म्हणणं असं, की दोन बरोबरीच्या संस्था मिळून तिसरी होते तिथे ‘एकत्रीकरण’ म्हणावं आणि एक दुसरीच्या पोटात जाते तिथेच ‘विलीनीकरण’.

ताळेबंद

साफ असहमत. मी छत्तीस वर्षं हिशेब तपासले. 1961 च्या आयकर कायद्याची व्याख्या बघा: एक कंपनी दुसरीत जाणं आणि दोन मिळून नवी होणं, दोन्हींना एकच शब्द. सर्वोच्च न्यायालयानेही 1990 च्या सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या निकालात हेच धरलं, की जी कंपनी जाते तिचं स्वतंत्र अस्तित्व संपतं. तुमची पतसंस्था नवी झाली तरी जुन्या दोन्हींची नोंदणी रद्द होणारच ना? मग दोघी विलीनच झाल्या. उलट ‘एकत्रीकरण’ हा गोड शब्द आहे आणि गोड शब्दाने सभासद फसतो. 2017 च्या 1 एप्रिलला स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक गेल्या. 2020 च्या 1 एप्रिलला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्याला कुणी एकत्रीकरण म्हटलं असतं तर अलाहाबाद बँकेची पाटी उतरायची राहिली असती का? आजी घाबरल्या, कारण शब्द खरा होता.

म्हापशेकर

गोव्यात हा शब्द कोशातून कुणी शिकत नाही, घरातच ऐकतो. 16 जानेवारी 1967, गोव्याच्या जनमत कौलाचा दिवस. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं, विरोधात 1,72,191. माझे आजोबा फुलाचे, आजी दोन पानांची. त्या दिवसाबद्दल दोघं शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. विलीनीकरणाचे पुढारी बांदोडकर यांना मानणाऱ्या आजोबांना ‘विलीनीकरण’ म्हणजे आपल्या माणसांत जाणं वाटायचं. आजीला तोच शब्द म्हणजे आपलं नाव पुसणं. म्हणून ताळेबंद, शब्द ‘खरा’ होता एवढ्याने भागत नाही. तो कुणाच्या बाजूने उच्चारलाय तेही बघावं लागतं.

ताळेबंद

याच न्यायाने मी कोल्हापूरचा दाखला देतो. 1948 च्या मार्चमध्ये सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर ही संस्थानं मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर 1 मार्च 1949 ला. ‘संस्थानांचं विलीनीकरण’ हेच शब्द आम्ही शाळेत शिकलो आणि त्यात लाज नव्हती, अभिमान होता. 2021 च्या संपात एसटीचे कामगार महिनोन् महिने रस्त्यावर बसले ते ‘विलीनीकरण’ हवं म्हणून, म्हणजे महामंडळ शासनात घ्या म्हणून. त्यांना त्यात मरण नाही, पगाराची हमी दिसत होती. शब्दाला दोष देऊ नका.

दातांचा डॉक्टर

माझ्याकडचं सांगतो. दाढेत भरतो त्या मिश्रणाचं नावच अमाल्गम, पण पेशंट म्हणतो “चांदी भरा”. चांदी, कथील, तांब्याची पूड आणि वजनाने जवळजवळ निम्मा पारा. आमचे सर खलात घोटून, कापडात पिळून जादा पारा काढायचे. पिळताना कापडातून बारीक मण्यासारखे थेंब बाहेर यायचे. आता बंद कॅप्सूल यंत्रात हलवली की काही सेकंदांत लोण्यासारखा गोळा तयार. भरल्यावर काही मिनिटांत घट्ट होतं, तरी चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही. धाग्याशी संबंध असा, की निम्मा पारा असून नाव एकट्या चांदीला मिळालं. दोन गोष्टी एक होतात तेव्हा लोक नेहमी एकीचंच नाव लक्षात ठेवतात. शब्दशोधक, नव्या संस्थेचं नाव काय ठरलंय?

गटनंबर

‘एकत्रीकरण’ गोड शब्द आहे असं म्हणणाऱ्याने कधी सातबारा काढलेला नाही. 1947 चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा. त्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. आमच्या वडिलांचे विहिरीजवळचे दोन तुकडे दुसऱ्याच्या गटात गेले, बदल्यात ओढ्याकाठची जमीन मिळाली. घरात आजही ‘एकत्रीकरणात गेली’ असंच म्हणतात, कुणी माणूस गेल्यासारखं. तेव्हा या शब्दाने तुमचे सभासद निवांत होतील ही आशा सोडा. आमच्या भागात तरी होणार नाहीत.

दुसरं. विलीन झालेलं परत निघत नाही, हेही खरं नाही. 2017 ला पुणे महापालिकेत 11 गावं घेतली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर निघाली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहरवाले त्याला ‘हद्दवाढ’ म्हणायचे, कागदावर ‘समाविष्ट गावं’, आणि गावातला माणूस म्हणायचा “आमचं गाव कॉर्पोरेशनात गेलं”. एकाच गोष्टीला तीन शब्द, आणि तिन्ही बोलणाऱ्यांची तोंडं तीन दिशांना.

कोडवाली

छोटीशी भर. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे शंभरावर फाइली एकापाठोपाठ जोडून एकच मोठी फाइल देतात, तिला ते अमाल्गमेशनच म्हणतात. मूळ फाइली जागेवर असतात, काम त्यांच्यावरच चालतं. जोडलेली फाइल फक्त वापरणाऱ्याच्या सोयीची. इथे मी ‘विलीनीकरण’ म्हटलं तर टीममधला प्रत्येक जण विचारेल, मूळ कोड उडवला का? मला ‘जोडफाइल’ बरं वाटतं.

शब्दशोधक

गटनंबर, तुमची ओढ्याकाठची जमीन वाचून माझं म्हणणं लंगडं पडलं, हे मान्य करतो. मी ‘एकत्रीकरण’ निरुपद्रवी समजत होतो.

पण ताळेबंद, तुमच्याशी अजून पटत नाही. कायद्याला एक शब्द पुरतो, कारण कायदा पुढच्याच ओळीत कोणाची मत्ता, कोणाची देणी, किती भागधारक हे सगळं लिहितो. आयकर कायद्यात तर तीन-चतुर्थांश मूल्याचे भागधारक नव्या कंपनीत यायला हवेत इथवर अट आहे. नोटिशीत ते काहीच नव्हतं, नुसता शब्द होता. आणि एसटीच्या कामगारांचं म्हणाल तर त्यांनी तो शब्द स्वतः निवडला होता. आजींवर तो मी लादला.

ताळेबंद

हे मात्र बरोबर बोललात. नोटिशीत तपशील नसणं ही चूक आहेच. शब्द बदलून ती झाकू नका एवढंच मी सांगतोय.

शब्दशोधक

झाकत नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारलं म्हणून सांगतो, नव्या संस्थेला आमचंच नाव ठेवायचं घाटत होतं. दुसऱ्या संस्थेच्या लोकांना तेच टोचत असणार, हे मला या धाग्यातच कळलं. काल संचालकांशी बोललो, दोन्ही नावं सोडून तिसरं घेण्यावर सभेत मत घेऊ असं ते म्हणाले.

नवी नोटीस अशी लिहिली आहे: “आपली संस्था व शेजारची संस्था मिळून एक नवी संस्था करावयाची आहे. दोन्ही जुन्या संस्थांची नोंदणी रद्द होईल. आपली ठेव, तिची मुदत व व्याजदर आहे तसा नव्या संस्थेकडे जाईल.” ‘विलीनीकरण’ही नाही, ‘एकत्रीकरण’ही नाही. आजींना वाचून दाखवली. त्यांनी ‘नोंदणी रद्द’वर बोट ठेवलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. ताळेबंद, कर्जदारांच्या जामीनदारांबद्दल एक वाक्य हवं असं वाटतंय, कसं लिहू?