मदत हवी आहे: एअरफायबरचा गच्चीवरचा डबा नागपूरच्या उन्हात टिकतो का?

मंडळी, बेसा भागात राहतो. सिमेंट रोडच्या खोदकामात फायबरची केबल चार महिन्यांत तिसऱ्यांदा तुटली. केबलवाला आता फोनही उचलत नाही. म्हणून फाइव्ह-जी एअरफायबर, म्हणजे केबलऐवजी मोबाइल टॉवरवरून येणारं घरचं इंटरनेट, घ्यायचा विचार आहे.

ज्या कंपनीचं घ्यायचंय तिचंच सिम फोनमध्ये टाकून पाहिलं. गच्चीवर टाकीजवळ आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ९२ डीबीएम. सकाळी डाउनलोड २१० एमबीपीएस, अपलोड १८. रात्री नऊला डाउनलोड थेट ४५. खाली हॉलमध्ये फोन फोर-जीवर उतरतो, म्हणजे बाहेरचा अँटेना (तोच गच्चीवरचा डबा) लागणारच. टॉवरच्या दिशेला शेजाऱ्यांचा कडुलिंब आहे. सध्या पानगळ झालीय, पालवी फुटल्यावर काय होईल देव जाणे.

दोघांचं घरून काम, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), दिवसभर व्हिडिओ कॉल. महिन्याला साधारण ६०० जीबी लागतात, त्यामुळे १००० जीबीची मर्यादा पुरेल. कॅमेरे क्लाउडवर चालतात, तेव्हा पब्लिक आयपी (बाहेरून घरच्या नेटवर्कवर थेट येता येईल असा पत्ता) नसला तरी अडत नाही. इन्व्हर्टर आहे. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायचं नाही, पाइपला क्लॅम्प चालेल.

माझी खरी भीती मे महिन्याची. पत्र्याची सावली केली तर सिग्नल अडेल, हे कळतं. ज्यांनी इथला एक उन्हाळा एअरफायबरवर काढलाय त्यांनीच सांगा: ४५ डिग्रीत दुपारी डबा तापून बंद पडतो का, पडत असेल तर सावलीला काय लावलंत, आणि रात्रीच्या गर्दीत व्हीपीएन टिकतं का?